पांढऱ्या दुपट्यावरील रेघा

आमच्या धर्मग्रामातील एका आजीबाईंनी नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी पांढऱ्या मलमलीचे दुपटे शिवावयास घेतले होते. मध्ये कापसाचा पातळ थर, वर धावदोऱ्याची वेलपत्ती. तीन महिने त्या रोज तिसऱ्या प्रहरी त्यावर बसत. आखणी त्यांनी दुकानातून आणलेल्या, पाण्याने जाणाऱ्या निळ्या शाईच्या लेखणीने केली होती. काम संपताच दुपटे सुबक दिसावे म्हणून त्यांनी त्यावर कढत इस्त्री फिरविली आणि मग ते धुतले. निळी रेघ गेली खरी, पण पानोपानी तपकिरी छटा राहिली. दुपटे घेऊन त्या आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

झग्याचे बटण लावण्यापलीकडे आमची मजल नाही. म्हणून शिवणवर्ग चालविणाऱ्या धर्मभगिनींस आम्ही विचारले. त्यांच्या बोलण्याचे सार असे, की शाई दिसेनाशी होणे निराळे आणि कापडातून निघून जाणे निराळे. निळ्या शाईस उष्णता लागली की ती धाग्यात पक्की बसते. साबण वा सोडा यांतील खार आधी लागला तरी तोच धोका. नुसते पाणी शिंपडले तर रेघ मिटते, परंतु शाई खाली कापसात उतरते आणि वाळताना ओलीबरोबर पुन्हा वर येते. यास्तव संपूर्ण दुपटे साध्या गार पाण्यात बुडवावे, पाणी दोनतीनदा पालटावे, साबण त्यानंतर आणि इस्त्री सर्वांत शेवटी.

जांभळी शाई एकदोन दिवसांत हवेनेच उडते, दमट हवेत त्याहूनही लवकर. महिनोन् महिने चालणाऱ्या कामास तिचा काय उपयोग? शिवाय रंग उडाला तरी द्रव्य कापडातच असते, म्हणून पाण्यातून काढणे काही सुटत नाही. सुमारे ६० अंश उष्णतेने अदृश्य होणारी शाईही हल्ली मिळते. तिचा रंग शून्याखाली दहाबारा अंशांच्या थंडीत पुन्हा उमटू शकतो. आपल्याकडे अशी थंडी कोठली! परंतु परदेशी नांदणाऱ्या लेकीसुनांस दुपटे धाडावयाचे असल्यास हे ध्यानी असावे.

शिसपेन्सिलीची रेघ दाबून ओढल्यास सहसा जात नाही. मेणाच्या खडूवर इस्त्री फिरली की तेलकट डाग राहतो. मातीचा खडू त्या मानाने निरुपद्रवी, मात्र लवकर झडतो. कोणतेही साधन असो, त्याच कापडाच्या तुकड्यावर आधी रेघ ओढून, धुऊन, वाळवून पाहावे. आजीबाईंनी हे केले नव्हते. घाईत कोण करतो?

लखनौचे चिकनकाम परंपरेने पांढऱ्या कापडावर चालत आले आहे. तेथे नीळ आणि गोंद यांच्या मिश्रणाने लाकडी ठशांनी नक्षी उठवितात आणि भरतकाम झाल्यावर ती धुण्यात काढून टाकतात. जपानी स्त्रिया तर रंगच टाळतात. ‘हेरा’ नावाच्या बोथट पात्याने कापडावर दाबून घडी पाडतात आणि तीवरून टाके घालतात. चमच्याच्या गुळगुळीत दांड्यानेही हे साधते. एका वेळी वीतभरच आखावे, कारण घडी फार टिकत नाही. आमच्या मते पांढऱ्या मलमलीस हाच उपाय सर्वांत बरा. हल्याळ-यल्लापूरकडील सिद्दी भगिनींच्या कवंदीस तर आखणीच लागत नाही. कडेपासून आरंभ करून त्या आत आत धावदोरा घालीत मध्यापर्यंत येतात, आधीची ओळ हीच पुढच्या ओळीची खूण. त्यांतील कित्येक कुटुंबे आपल्याच धर्माची आहेत.

आजीबाईंचे दुपटे भगिनींनी दोन दिवस गार पाण्यात ठेविले. डाग फिकट झाले, गेले नाहीत. नातू ठरल्या दिवशी त्याच दुपट्यात गुंडाळून आणला गेला. धाकट्या लेकीचे दिवस भरत आले आहेत. तिच्यासाठी आजीबाईंनी दुसरे दुपटे घेतले आहे, आणि त्यांच्या सुईच्या डब्यात आता एक चमचा असतो.