काळ्या पानावरची पांढरी अक्षरं

मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे आणि तिच्या अनुषंगाने थोडं मतही मांडायचं आहे. घरच्या लोकांना कबुलीचा भाग ठाऊक आहे, त्यांनी सरळ मतावर उडी मारली तरी चालेल.

आमचे आप्पा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. १९६६ साली खलाशी म्हणून लागले आणि २००५ मध्ये मेंटेनर म्हणून निवृत्त झाले. बरीचशी नोकरी मिरज आणि आसपासच्या स्टेशनांवर झाली. रेल्वेवेड्या माणसासाठी मिरज म्हणजे पंढरीच. पुण्याकडून १९७१ मध्ये ब्रॉडगेज आली, लोंढ्याकडची मीटरगेज आधीपासून होतीच, आणि कुर्डुवाडी-पंढरपूरकडून बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज १९२७ पासून येत होती. एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ! आता सगळीकडे ब्रॉडगेज आहे आणि आमच्या चिरंजीवांना यात विशेष काय ते समजावून सांगावं लागतं.

आप्पांनी लग्नाआधी कुणाकडून तरी जुना आगफा क्लिक थ्री घेतला होता. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल आणि धुलाई दोन्ही पगाराच्या मानाने महाग, त्यामुळे एक रोल चार-चार महिने पुरवायचा. स्टेशनात फोटो काढायला तेव्हा परवानगी लागायची. आप्पांनी ती दर वेळी घेतली होती का, हे मी विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका.

त्या कॅमेऱ्यात धावती गाडी यायची नाही, नुसता धूर आणि फराटा. म्हणून आप्पांनी जे हलत नाही त्याचे फोटो काढले. केबिनमधली खटक्यांची रांग. रुळाशेजारून पुल्यांवरून गेलेली सिग्नलची तार. दिव्यांच्या खोलीत ओळीने मांडलेले रॉकेलचे दिवे. टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच असलेला वॉर्नर. टोकनचा गोळा घातलेली पिशवी आणि तिचं मोठं कडं खांद्याला अडकवून उभा असलेला सांधेवाला. इंजिनांचे फोटो आहेत, पण उभ्या इंजिनांचे, आणि त्यातही आप्पांचं लक्ष मागच्या सिग्नलकडेच.

हे सगळे फोटो काळ्या पानांच्या एका अल्बममध्ये कोपरे लावून बसवलेले होते. प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या पेन्सिलने बारीक अक्षरात स्टेशन, साल, माणसांची नावं आणि कुठे कुठे एखादी ओळ लिहिलेली.

आता कबुली. २००८ मध्ये आम्ही स्कॅनर घेतला. नव्याची नवलाई होती. आप्पा-आई पंधरा दिवस आत्याकडे गेले होते, तेवढ्यात त्यांना चकित करायचं मी ठरवलं. एकशे चाळीस फोटो कोपऱ्यांतून सोडवले, स्कॅन केले, प्लॅस्टिकच्या खिशांच्या छान नव्या अल्बममध्ये घातले. जुना अल्बम वाळवी लागून फाटत आला होता. तो मी रद्दीत दिला.

आप्पा परत आले. अल्बम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शांतपणे बघितला, मिटला, आणि एवढंच विचारलं, "नावं कुठायत?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "राहू दे, मला सगळं पाठ आहे," म्हणाले. तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते आणि त्यांना खरंच सगळं पाठ होतं. त्याच वेळी वही घेऊन बसायला हवं होतं. बसले नाही. नोकरी, मुलाची शाळा, दिवाळी, पुढच्या सुट्टीत बघू. अशा पुढच्या सुट्ट्या सोळा वर्षं येत राहिल्या.

आता आप्पा ऐंशीचे आहेत. सिग्नल लांबून ओळखायची ज्यांची नजर दर काही वर्षांनी तपासली जायची, त्यांच्या डोळ्यांचा पडदा आता अधू झालाय. समोरच्याचा चेहरा मधोमध पुसट दिसतो. गेल्या वर्षापासून आम्ही दर रविवारी सकाळी बसतो. मी लॅपटॉपवर फोटो जमेल तेवढा मोठा करते, आप्पा मान तिरकी करून कडेच्या नजरेने बघतात, आणि सांगतील ते मी लिहिते. स्कॅन केल्याचा हा एक फायदा मात्र झाला.

या रविवारांमध्ये मला पहिल्यांदा कळलं की वडील चाळीस वर्षं नेमकं काय करत होते. एका फोटोत आप्पा सिग्नलची काच आभाळासमोर धरून उभे आहेत. मी लिहिलं, "हिरवी काच". आप्पा म्हणाले, "खोड ते. निळसर होती." रॉकेलच्या दिव्याची ज्योत पिवळी असते. पिवळ्या उजेडापुढे निळसर काच आली की ड्रायव्हरला लांबून हिरवं दिसतं. काळ्यापांढऱ्या फोटोतून ही गोष्ट जगातला कुठलाही तज्ज्ञ काढू शकला नसता.

तसंच तारेचं. खटका केबिनमध्ये ओढायचा आणि सिग्नलचा हात खाली पडायचा शेकडो मीटर लांब, मध्ये नुसती तार. उन्हात तार लांबायची, मग खटका पूर्ण ओढूनही हात अर्धवट पडायचा. रात्रीच्या गारठ्यात ती आखडायची, मग कुणी न ओढताही हात किंचित झुकायचा. ड्रायव्हरने त्यातून काय समजायचं? म्हणून ऋतूप्रमाणे तार सैल-घट्ट करत राहायची. आणि तुटलीच, तर खांबावरचं वजन हात आपोआप आडवा करणार, म्हणजे गाडी थांबणार. "यंत्र बिघडलं तर ते थांब म्हणूनच बिघडलं पाहिजे," हे आप्पांचं आवडतं वाक्य. आपण "सिग्नल पडला" म्हणतो ना, तो याच हाताच्या पडण्यावरून. आता रंगीत दिवे आहेत, काहीच पडत नाही, तरी भाषेत सिग्नल अजून पडतोच आहे.

हे वाचून "किती छान होती ती जुनी रेल्वे" असं कुणाच्या मनात आलं असेल तर थांबा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी हेच लिहिलं होतं. मी आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "छान कसली? पावसात रात्री दोन वाजता विझलेला दिवा लावायला ओल्या शिडीवर चढायचं, एका हातात दिवा, खाली साप. विजेचे सिग्नल आले त्या दिवशी आम्ही पेढे वाटले." जुनं गेलं याचं त्यांना अजिबात दुःख नाही. मलाही त्यासाठी गळा काढायचा नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. इंजिनं जपली जातात. दिल्लीला १९७७ पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, कित्येक स्टेशनांबाहेर रंगवलेली इंजिनं चौथऱ्यावर उभी आहेत, मुलं त्यांच्यासमोर फोटो काढतात. ते चांगलंच आहे. पण ज्यांच्या भरवशावर ते इंजिन अंधारात पुढे जायचं, त्यांचं काम चौथऱ्यावर ठेवता येत नाही. ते राहतं त्यांच्या सांगण्यात आणि त्यांनी लिहून ठेवलेल्या ओळीत. ओळ गेली की फोटोत उरतो एक खांब आणि एक अनोळखी माणूस.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती मला आप्पांनी शिकवली. सुरुवातीला मी घाई करायची. आप्पा अडले की सुचवायची, "किर्लोस्करवाडी असेल. शेणोली लिहू का? साल साधारण बाहत्तर टाकते." एकदा त्यांनी माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला. "आठवत नसेल तर लिहू नकोस. चुकीच्या लेबलापेक्षा कोरं बरं."

मला तो म्हातारपणीचा हट्ट वाटला. मग त्यांनी बालासोरचा विषय काढला. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला सिग्नल मिळाला मेन लाईनचा, सांधा मात्र लूप लाईनकडे लागलेला होता. गाडी तिथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसं गेली. खरं तर सिग्नल आणि सांधा यांची अशी फारकत होऊच नये यासाठीच इंटरलॉकिंग असतं. आप्पांच्या वेळी खटक्यांखाली खाचा पाडलेल्या लोखंडी पट्ट्या असायच्या. सांध्याचा खटका बरोबर लागल्याशिवाय सिग्नलचा खटका माणसाने कितीही जोर लावला तरी हलायचा नाही. आता तेच काम विजेच्या तारा करतात. पण त्या अपघाताच्या चौकशी अहवालात असं आलं की फाटकाजवळच्या बॉक्समध्ये तारांची नावं चुकीची लिहिलेली होती, ती चूक काही वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही, आणि दुरुस्तीच्या वेळी चुकीची जोडणी झाली. ती बातमी आली तेव्हा आप्पा दोन दिवस नीट जेवले नव्हते. का, ते मला आता कळलं.

"कोरी तार दिसली की माणूस थांबतो, तपासतो," आप्पा म्हणाले. "लेबल दिसलं की विश्वास ठेवतो."

आपल्या जुन्या फोटोंच्या बाबतीत आपण उलटंच करतो. इंटरनेटवर जुन्या रेल्वेचे ढीगभर फोटो फिरतात, खाली कुणीतरी बेधडक "मिरज, १९३०" लिहितं, पुढचे शंभरजण तेच पुढे पाठवतात. एखादं साल चुकल्याने कुणी मरत नाही, मान्य. पण ज्यांनी आयुष्यभर लेबल बरोबर लावलं, त्यांच्याच आठवणींना आपण अंदाजाची लेबलं चिकटवावीत हे मला पटत नाही.

तेव्हा माझं मत एवढंच. घरात कुणी कुठल्याही कामात हयात घालवलेलं माणूस असेल, गिरणीतलं, एसटीतलं, पोस्टातलं, तर त्यांचे फोटो नुसते स्कॅन करू नका. शेजारी बसा, विचारा, लिहा. फोटोखाली किंवा मागे आधीच काही लिहिलेलं असेल तर त्याचाही फोटो घ्या. आणि ते जिथे "आठवत नाही" म्हणतील तिथे तेच लिहा.

एकशे चाळीसपैकी ब्याण्णव फोटो झाले आहेत. गेल्या रविवारी ट्रॉलीवर बसलेल्या चौघांचा फोटो आला. एक आप्पा, दोघांची नावं त्यांनी लगेच सांगितली. चौथा, टोपीवाला, हसतोय. आप्पा बराच वेळ तिरक्या नजरेने बघत राहिले. "याने मला पहिल्यांदा तार जोडायला शिकवली," म्हणाले. नाव काही येईना. काळ्या पानावर ते नक्की होतं.

मी लिहिलं: "चौथे, टोपीवाले. आप्पांना तार जोडायला शिकवली. नाव आठवत नाही."

"पुढे जागा सोड," आप्पा म्हणाले. सोडली आहे.