वजन मुलीचं, काटा कुणाचा?

"जरा कमी खा, उद्या कोण पत्करणार तुला?" शिरूर-दौंडकडे तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना हे सर्रास ऐकवलं जातं. वर 'भावनांवर ताबा ठेव' हा उपदेश. मुलगी राग गिळते. कधी त्यासोबत फरसाण गिळते, कधी उपाशी राहते. मग दोष तिच्याच जिभेला!

भावना हाताळणं म्हणजे त्या दाबणं नव्हे. पोटातली भूक कोणती, मनातली घुसमट कोणती, हे ओळखून बोलता येणं म्हणजे ते कौशल्य. पण बोलायला जागा कुठे आहे?

जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं व्यायाम सांगते. आई रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर, नाहीतर दौंडच्या उसात. मैदान भावाला, भांडी बहिणीला. ती मिनिटं आणायची कुठून?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आढळला. जाड दिसणाऱ्या मुलीलाही तो असू शकतो. तिला नुसतं 'कमी खा' सांगणं हा आरोग्याचा सल्ला नाही, लग्नाच्या बाजाराचा हुकूम आहे.

वर्गासमोर मुलींची वजनं पुकारणं बंद करा. मैदानाचा तास त्यांना द्या. आणि भावना आवरायचे धडे आधी टोमणे मारणाऱ्या मोठ्यांना द्या!