अपघात कारखान्यात, भार कुटुंबावर

१८८४ च्या सप्टेंबर महिन्यात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि त्यांतून सरकारकडे एक अर्ज गेला. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या त्यातील मागण्या पुष्कळांना ठाऊक आहेत. त्याच अर्जातील आणखी एका मागणीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आल्यास चरितार्थाची योग्य ती सोय व्हावी, अशी ती मागणी होती. योगायोग असा की, त्याच वर्षी जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने औद्योगिक अपघातांच्या विम्याचा कायदा संमत करून घेतला. भारतातील कामगाराला मात्र १९२३ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. तो अमलात आला १ जुलै १९२४ रोजी.

या कायद्यामागील तत्त्व क्रांतिकारक होते. जुन्या इंग्रजी न्यायपद्धतीत जखमी मजुराला मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. चूक सहकारी मजुराची असेल, किंवा धोका ठाऊक असून त्याने काम पत्करले असेल, तर त्याचा दावा बुडे. १९२३ च्या कायद्याने दोष कोणाचा हा प्रश्नच बाजूला ठेवला. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात घडला एवढे पुरेसे मानले. यंत्रावर काम चालले की काही अपघात होणारच. तेव्हा कच्चा माल आणि वीज यांप्रमाणे तोही उत्पादनखर्चाचा एक भाग समजला जावा, हे त्यामागील अर्थशास्त्र. हा खर्च मालकाच्या हिशेबात आला नाही तर तो नाहीसा होत नाही. तो कामगाराच्या घरात जातो: मुलीची शाळा सुटते, पत्नीचे दागिने सावकाराकडे जातात, गावाकडील जमीन विकली जाते.

प्रत्यक्षात आज घडते ते हेच. सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या लहान शेडमध्ये पॉवर प्रेसखाली बोट जाते. कामगाराला घाईने दवाखान्यात नेले जाते आणि केसपेपरवर अपघात घरी झाल्याची नोंद होते. त्याचे नाव ठेकेदाराच्या मस्टरवर असते किंवा कोणाच्याच नसते. चार-दोन हजार रुपये हातावर ठेवून कोऱ्या कागदावर सही घेतली जाते. 'तुझ्याच निष्काळजीपणाने झाले' हे वाक्य तो इतक्या वेळा ऐकतो की अखेर त्याचा त्यावर विश्वास बसतो.

वस्तुतः यांपैकी एकही गोष्ट १९२३ च्या कायद्याला मान्य नव्हती. साध्या निष्काळजीपणाने हक्क जात नसे. नशेत असणे, सुरक्षिततेबाबतचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणे किंवा संरक्षक साधन हेतुपुरस्सर दूर करणे एवढेच अपवाद होते. आणि मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही लागू होत नसत. ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावरही होती. हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरत असे. मृत कामगाराच्या वारसांची रक्कम आयुक्तांकडे जमा करणे बंधनकारक होते. परस्पर विधवेच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नसत. उणीव कायद्याच्या शब्दांत फारशी नव्हती. ज्याच्यासाठी ते शब्द लिहिले गेले त्याच्यापर्यंत ते पोहोचले नाहीत.

अर्थात भरपाईच्या हिशेबातही उणीव आहे आणि ती शिक्षक-कारकुनांनी समजून घेण्यासारखी आहे. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. मृत्यूच्या बाबतीत वेतनाचे प्रमाण ५० टक्के असते. पंचवीस वर्षांच्या कामगारासाठी हा गुणक २१६.९१ आहे. अंशतः अपंगत्व असेल तर परिशिष्टातील टक्केवारीनुसार त्याचा हिस्सा मिळतो: पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के, अंगठा गेल्यास ३० टक्के. परंतु हिशेबासाठी धरावयाच्या वेतनाला सरकारने कमाल मर्यादा घातली. २०१० मध्ये ती ८,००० रुपये ठरली आणि जवळजवळ दहा वर्षे तशीच राहिली. ३ जानेवारी २०२० पासून ती १५,००० रुपये झाली. महिना २४,००० रुपये मिळवणाऱ्या पंचवीस वर्षांच्या कामगाराची तर्जनी तुटली, तर खऱ्या वेतनावर सुमारे ४ लाख ३७ हजार रुपये होतात. १५,००० च्या मर्यादेने ते सुमारे २ लाख ७३ हजार भरतात. उरलेल्या दीड लाखाहून अधिक रकमेचा बोजा त्या कामगाराने उचलायचा. महागाई वाढत असताना मर्यादा गोठवून ठेवणे म्हणजे कोणताही ठराव न करता दरवर्षी भरपाई कमी करणेच होय.

शिवाय बोटाची टक्केवारी सर्व धंद्यांना सारखीच लावणेही पुरेसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये एका सुताराच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यापुरते अपंगत्व संपूर्णच मानले पाहिजे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच निर्माण होते, निकालाच्या दिवशी नव्हे, हेही त्याच निकालाने सांगितले.

तरीही निकालाची प्रतीक्षा संपत नाही. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटर अंतरावर अपघातात मरण पावला. आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये व्याजासह देण्याचा आदेश दिला. अपघात कामाच्या ओघात झाला नाही, असे म्हणून उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी तो पुन्हा कायम केला. न्याय मिळाला हे खरे. पण तोपर्यंत बावीस वर्षे उलटली होती. पित्याच्या मृत्यूसमयी शाळेत जाणारे मूल एवढ्या काळात स्वतः कर्ते होते. ज्या शिक्षणासाठी ती रक्कम हवी होती, ते शिक्षण थोडेच थांबून राहते?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून १९२३ चा कायदा तीत विलीन झाला आहे. घर व कामाची जागा यांमधील प्रवासातील अपघात, त्याचा कामाशी संबंध प्रस्थापित होत असल्यास, तिने भरपाईच्या कक्षेत घेतला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र मूळ चौकट जुनीच आहे. आणि घरोघर माल पोहोचवणारी मुले 'कर्मचारी' या व्याख्येबाहेर राहून भावी योजनांवर अवलंबून आहेत.

लहान कारखानदाराला हा बोजा पेलवणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. चार माणसांच्या शेडला एकाच मृत्यूची भरपाई बुडवू शकते. परंतु यावरचा उपाय विमा हा आहे. राज्य कामगार विमा योजना १९५२ पासून हे काम करीत आली आहे. तात्पुरत्या अपंगत्वात ती वेतनाच्या ९० टक्के लाभ देते आणि कायमच्या अपंगत्वात मासिक निवृत्तिवेतनासारखी रक्कम देते. लोखंड्यांच्या अर्जातील चरितार्थाच्या सोयीच्या ती अधिक जवळची आहे. पण सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांची आस्थापना आणि २०१७ मध्ये ठरलेली २१,००० रुपयांची वेतनमर्यादा या कुंपणांपलीकडे मोठा वर्ग उरतो. या वर्गासाठी विमा काढण्याची सक्ती १९२३ च्या कायद्याने मालकावर केली नव्हती. रस्त्यावर स्कूटर आणायची तर तिऱ्हाइताच्या विम्यावाचून आणता येत नाही. माणसाचा हात चिरडू शकणारे यंत्र मात्र त्यावाचून चालवता येते, ही विसंगती कोणत्या तर्काने समर्थनीय ठरते?

तेव्हा तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. राज्य विम्याच्या कक्षेबाहेरील प्रत्येक आस्थापनेवर अपघात विम्याची सक्ती असावी आणि धोका जास्त तेथे हप्ता जास्त असावा, म्हणजे यंत्राला संरक्षक जाळी बसवणेच मालकाला स्वस्त पडेल. हिशेबाची वेतनमर्यादा महागाईच्या निर्देशांकाशी जोडून दरवर्षी आपोआप वाढावी. आणि २००९ च्या दुरुस्तीने आयुक्तांना घालून दिलेली तीन महिन्यांची निकालाची मुदत कागदावर न राहता पाळली जावी. त्यासाठी अधिकाऱ्यांची संख्या वाढवावी लागली तर तो खर्च सरकारने आनंदाने सोसावा.

गिरणी कामगारांच्या त्या अर्जातील रविवारची सुटी आज नोकरदारांच्या अंगवळणी पडली आहे. ती कोणी मागितली होती हेही कोणाला आठवत नाही. जखमी कामगाराच्या चरितार्थाची मागणीही अशीच विसरण्याजोगी होईल, तेव्हाच तो अर्ज खऱ्या अर्थाने निकालात निघाला असे म्हणता येईल.