मंजुरी कोणी दिली?

‘लेयर शॉट’ या बॉडी स्प्रेच्या जाहिराती अखेर उतरवाव्या लागल्या. 4 जून 2022 रोजी माहिती व प्रसारण खात्याने ट्विटर आणि यूट्यूबला पत्र धाडले, जाहिरात मानक परिषदेने प्रसारण थांबवायला सांगितले, सोमवारी कंपनीने माफी मागितली. त्या माफीतली एक गोष्ट मात्र घशाखाली उतरत नाही. म्हणे, आवश्यक आणि बंधनकारक त्या सगळ्या मंजुऱ्या घेऊनच जाहिराती दाखवल्या! कोणाच्या मंजुऱ्या?

थिएटरातल्या सिनेमाला सेन्सॉर आहे. टीव्हीवरची जाहिरात आधी तपासणारी सरकारी यंत्रणाच नाही. 1994 च्या केबल नियमांतली जाहिरातसंहिता बोंब झाल्यावरच आठवते. मानक परिषद तर जाहिरातधंद्याने 1985 साली स्वतःवर देखरेखीला स्वतःच काढलेली संस्था. म्हणजे मंजुरी दिली ती कंपनीच्या साहेबांनी, जाहिरात बनवणाऱ्यांनी आणि वेळ विकणाऱ्या वाहिनीने. चार तरुण, एकटी मुलगी, तिच्या चेहऱ्यावरची भीती आणि ‘शॉट कोण घेणार’ हा सवाल. हे लिहिताना, चित्रित करताना, लॉर्ड्सच्या क्रिकेट कसोटीच्या प्रक्षेपणात घराघरांत पोरांसमोर दाखवताना एकालाही खटकले नाही? कोणाच्या भावना दुखवायचा हेतू नव्हता म्हणे. मग त्या मुलीला घाबरवून हसायचा हेतू होता काय?

आणि वेळ तरी कोणती! 28 मे रोजी हैदराबादेत एका अल्पवयीन मुलीवर मोटारीत सामूहिक अत्याचार झाला; त्यात पकडलेल्यांतही अल्पवयीन पोरेच जास्त. हैदराबाद आम्हाला परके नाही. आमच्या दुबलगुंडी गावाहून हुमनाबादला आले की महामार्ग थेट तिकडेच जातो, आणि आमच्या मुली शिकायला, नोकरीला त्याच रस्त्याने जातात. त्यांना पाठवताना आईबापांच्या पोटात जो गोळा येतो, त्याचाच या मंडळींनी विनोद करून बाटली विकली.

नवे काही नाही. 2011 सालीही याच खात्याने डिओडरंटच्या ओंगळ जाहिरातींवर परिषदेचे कान टोचले होते. अकरा वर्षांत काय सुधारले? तेव्हा बाई सुगंधावर भाळून मागे धावायची, आता चौघे तिच्या मागे उभे राहतात. प्रत्येक वेळी तोच क्रम: जाहिरात, बोंबाबोंब, पत्र, माफी. तोवर कंपनीचे नाव फुकटात गावोगाव पोचलेले असते.

म्हणून व्हिडिओ काढायला सांगून खात्याने हात झटकू नयेत. ही जाहिरात पास करणाऱ्यांची नावे आणि त्या सेकंदांसाठी वाहिनीने घेतलेला पैसा, दोन्ही लोकांसमोर ठेवावे. मंजुरी होती ना? मग सहीही असेलच.