झिरप सिद्धांत मेलेला नाही

१/ सरकारी शाळांविषयी एक हळहळ हल्ली सर्वत्र ऐकू येते. पूर्वी या शाळा उत्तम होत्या, मग शिक्षक आळशी झाले, पालक इंग्रजीच्या मागे लागले आणि सारे ढासळले. ही कथा सोयीची आहे, कारण तिच्यातला अपराधी नेहमी शिक्षकांच्या खोलीत सापडतो, अर्थसंकल्पात कधीच सापडत नाही. इतिहासाची कागदपत्रे निराळी गोष्ट सांगतात.

२/ १८४० च्या दशकात मुंबई इलाख्याचे शिक्षण ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’च्या हाती होते आणि सर अर्स्किन पेरी त्याचे अध्यक्ष होते. त्यांचा युक्तिवाद साधा होता. पैसा थोडा आहे, तेव्हा तो वरच्या थरातील मोजक्यांच्या इंग्रजी शिक्षणावर खर्चावा. ज्ञान तेथून आपोआप खाली झिरपेल. हाच तो झिरप सिद्धांत. बोर्डातच त्याला विरोध झाला. जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांतील शिक्षणाच्या बाजूने उभे राहिले.

३/ १८५४ च्या वुडच्या खलित्याने बहुजनांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष झाल्याचे कबूल केले. त्याच खलित्याने खासगी संस्थांना अनुदान देण्याची प्रथाही घातली. कबुली कागदावर राहिली आणि प्रथा रुजली.

४/ आता १९ ऑक्टोबर १८८२ कडे या. हंटर आयोगापुढे पुण्याहून एक निवेदन सादर झाले. निवेदक स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपालिटीचे सभासद अशी करून देतात. ते जोतीराव फुले.

त्यांचा पहिला घाव थेट हिशेबावर आहे. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा कोठला न्याय? मग ते झिरप सिद्धांताची उलटतपासणी घेतात. शिकलेल्या या मंडळींनी आपल्या कमनशिबी बांधवांसाठी केले काय? घरी किंवा बाहेर त्यांच्यासाठी कधी वर्ग तरी चालवले का?

५/ हे निवेदन आपण जयंतीला आठवतो, पण त्यातला तपशील फारसा वाचत नाही. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. लोकल फंडातील निदान अर्धी रक्कम केवळ प्राथमिक शिक्षणासाठी राखावी. शिक्षक प्रशिक्षित असावा. त्याला महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस असावा. अभ्यासक्रमात मोडी, बालबोध आणि हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे. फुल्यांनी नुसता आक्रोश केला नव्हता. त्यांनी पर्यायी अंदाजपत्रक मांडले होते.

(लोकल फंड म्हणजे शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा कर. शेतकरी तो भरत होता आणि त्याचे मूल शाळेबाहेर होते.)

६/ आयोगाने प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम देण्याची शिफारस केली आणि त्याचा भार नगरपालिका व लोकल बोर्डांवर टाकला, म्हणजे ज्यांच्या तिजोरीत खडखडाट होता त्यांच्यावर. जबाबदारी खाली ढकलायची आणि पैसा वर ठेवायचा, ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

७/ १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. ते इतके सौम्य होते की आज वाचताना संकोच वाटावा. सक्ती सहा ते दहा वयाच्या मुलांपुरती, तीही स्थानिक संस्थेला वाटले तर. तरीही १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विरोध करणारे केवळ इंग्रज नव्हते. जमीनदारांनाही रयतेच्या मुलांनी शिकणे परवडणारे नव्हते.

८/ पैसा नाही, या सबबीला त्याच काळात दोन संस्थानांनी कृतीने उत्तर दिले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संपूर्ण बडोदा संस्थानाला लागू केले, मुलींसह. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

पण कोल्हापूरचा खरा धडा १९१९ चा आहे. त्या वर्षी शाहूंनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. वेगळी शाळा म्हणजे कायमची हलकी शाळा, हे त्यांनी ओळखले होते. ज्या शाळेत गावच्या पाटलाचा मुलगा बसतो, तिचे छप्पर गळत राहत नाही.

९/ मार्च १९२७. मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकर शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते. त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून, म्हणजे मुख्यतः दारूवरील करातून, दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. लोकांकडून दारूतून जितके घेता, तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढीच त्यांची मागणी होती.

१०/ स्वातंत्र्य आले. संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली. ती १९६० मध्ये टळली. मग कोठारी आयोग (१९६४-६६) आला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्याचे सुपुत्र. या आयोगाने स्वच्छ शब्दांत सांगितले की चांगले शिक्षण फी भरू शकणाऱ्या अल्पसंख्याकांना मिळते आणि आपली शिक्षणव्यवस्थाच समाजातील दरी वाढवते. उपाय म्हणून ‘समान शाळा’ सुचवली: जात, धर्म, उत्पन्न न पाहता परिसरातील सर्व मुलांची एकच शाळा. १९६८ च्या धोरणात ती शिफारस स्वीकारली गेली. तेथेच तिचा प्रवास थांबला.

११/ त्याऐवजी आले काय? १९८६ च्या धोरणाबरोबर नवोदय विद्यालये: जिल्ह्यातून मोजकी हुशार मुले वेचून त्यांना उत्तम शिकवायचे. २०२२ मध्ये पीएम श्री: देशातील सुमारे दहा लाख सरकारी शाळांपैकी साडेचौदा हजार आदर्श करायच्या आणि इतरांनी त्यांच्याकडून प्रेरणा घ्यायची. पेरीसाहेबांना यातले काहीही अपरिचित वाटले नसते. नवोदयमधून घडलेल्या मुलांचा मला आदर आहे. प्रश्न जे वेचले गेले नाहीत त्यांचा आहे.

१२/ शिक्षकाचे काय झाले? फुल्यांनी किमान पगार मागितला होता. महाराष्ट्राने २००० साली ‘शिक्षणसेवक’ ही जमात निर्माण केली: पहिली तीन वर्षे, प्राथमिक शाळेत महिना तीन हजार रुपये मानधन. ते पुढे सहा हजार झाले आणि २०२३ मध्ये सोळा हजार. वर निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणे यांची कामे. आणि मग आपण विचारतो, गुणवत्ता का घसरली?

१३/ शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या. माझे मत अप्रिय वाटेल, पण ही तरतूदही झिरपच आहे, फक्त गुणवत्तेऐवजी सोडतीने. गावातले जे जागरूक पालक शाळेत जाऊन भांडले असते, तेच तीतून बाहेर पडतात. तरीही निदान वेगवेगळ्या घरांतील मुले एका बाकावर आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तेवढेही नको म्हटले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळेला सूट. म्हणजे गरिबाने गरिबाच्याच शाळेत जावे. शाहूंनी १९१९ मध्ये मोडलेली भिंत अधिसूचनेने पुन्हा उभारली जात होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

१४/ ‘पण खासगी शाळा चांगले शिकवतात ना?’ काही शिकवतात. मात्र फी भरणाऱ्या घरात पुस्तके असतात, शिकलेली आई असते, शिकवणी असते. त्या घराची कमाई शाळेच्या खात्यावर मांडायची आणि रोजंदारीवर जाणाऱ्या घराची उणीव जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या माथी मारायची, याला तुलना म्हणत नाहीत.

१५/ शेवटी महाराष्ट्राबाहेरचा एक दाखला. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला आदेश दिला: सरकारी तिजोरीतून वेतन घेणारे अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि न्यायाधीश यांची मुले सरकारी प्राथमिक शाळांतच शिकली पाहिजेत, अशी व्यवस्था करा. मुदत सहा महिन्यांची होती. आदेश आजही कागदावरच आहे.