सिलिंडर परवडेना म्हणून विजेची शेगडी?



हल्ली प्लॉट पाहायला गेलो की बांधावर उसाच्या जातीआधी विजेच्या शेगडीची चौकशी होते. "साहेब, सिलिंडर परवडेना. शेगडी घेऊ का?" हे खाते माझे नव्हे. पण प्रश्न सभासदांच्या घरखर्चाचा आहे, म्हणून माझे मत मांडतो.

आधी हिशोब पाहू. १४.२ किलोच्या सिलिंडरची जेवढी उष्णता भांड्याला लागू पडते, तेवढीसाठी इंडक्शन शेगडीला साधारण १४० युनिट लागतात. कॉइलच्या शेगडीला त्याहून जास्त. तेव्हा सिलिंडरच्या पावतीवरची रक्कम १४० ने भागावी आणि येणारा आकडा वीजबिलातल्या दराशी ताडून पाहावा. सिलिंडर ८४० रुपयांना धरला तर युनिटला सहा रुपये येतात. मात्र दर कोणता धरायचा, इथेच गफलत होते. घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, शिवाय वहन आकार आणि वीज शुल्क आहेच. पहिले स्वस्त शंभर युनिट दिवे, पंखे, फ्रिज यांनी आधीच खाल्लेले असतात. शेगडीचे युनिट वरच्या दराने पडणार. तो दर सहाच्या वर गेला की बचत संपली.

गावठाणात एक वेळ शेगडी चालेल. दूध, चहा, आंघोळीचे पाणी यासाठी जोडीला ठेवावी. मळ्यातल्या वस्तीवर मात्र माझा सरळ विरोध आहे. संध्याकाळी दाब उतरला की शेगडी बंद पडते, आणि तीच स्वयंपाकाची वेळ. काहीजण मोटारीच्या कनेक्शनवर जोडायचे म्हणतात. ते बेकायदा तर आहेच, पण अर्थिंगचा पत्ता नसलेल्या वायरीवर दोन हजार वॅटचा भार टाकून घरच्या बाईला ओल्या हाताने तिथे उभे करायचे, हे मला पटत नाही. शिवाय ॲल्युमिनियमची पातेली इंडक्शनवर तापत नाहीत आणि भाकरी फुगवायला जाळ लागतो. शेगडी आणताना हे घरात कोणी विचारीत नाही.

ज्यांच्या दावणीला चार-पाच जनावरे आहेत, त्यांनी सिलिंडर आणि शेगडी या वादात पडूच नये. रोज पन्नास किलो शेण घातले तर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो. पूर्ण गॅस निघाला तर सतरा-अठरा दिवसांत एका सिलिंडरचे काम होते. शिवाय स्लरी मिळते. गोवऱ्या थापून जाळल्या की शेणातले नत्र धुराबरोबर जाते. स्लरीतले पाटाच्या पाण्यातून उसाला मिळते. खोडव्याला ती जरूर द्यावी. थंडीत गॅस कमी निघतो, तेवढ्यापुरता एक भरलेला सिलिंडर घरात असू द्यावा.

— ऊस विकास अधिकारी