दस्त्याच्या पोकळीतली शिदोरी

रायफलीच्या दस्त्यात काडेपेटी, गळ आणि आरसा दडवून ठेवण्याची कल्पना वरवर पाहता हौशी शिकाऱ्यांचा छंद वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे पाऊणशे वर्षांचा लष्करी अनुभव आहे. एकट्या पडलेल्या माणसाला जगवण्याची जबाबदारी त्याच्या हातातील साधनावर किती टाकायची आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या यंत्रणेवर किती, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

भारताच्या गगनयान मोहिमेसाठी निवडलेल्या चार वैमानिकांनी २०२० मध्ये रशियात जे प्रशिक्षण घेतले, त्याचा एक भाग अंतराळाशी नव्हे, तर जमिनीशी संबंधित होता. परतीचे यान ठरल्या जागी न उतरता भलतीकडे उतरले तर काय करायचे, याचे ते धडे होते. फेब्रुवारीत बर्फाळ, दलदलीच्या जंगलात, जूनमध्ये पाण्यावर आणि जुलैमध्ये गवताळ मैदानात हे सराव पार पडले. कोट्यवधी रुपयांच्या यानातून प्रवास करणाऱ्या माणसाला शेकोटी पेटवायला आणि पालापाचोळ्याचा निवारा बांधायला शिकवले जाते, यात विसंगती काहीच नाही. रशियाने हा धडा फार महाग किमतीत शिकलेला आहे.

१८ मार्च १९६५ रोजी अलेक्सी लिओनोव्ह यांनी यानाबाहेर पडून इतिहासातील पहिली अंतराळ-चाल केली. दुसऱ्या दिवशी ‘वोस्खोद-२’ परतताना स्वयंचलित यंत्रणेने दगा दिला आणि यान नियोजित स्थळापासून शेकडो किलोमीटर दूर, पर्म परिसरातील घनदाट अरण्यात उतरले. लिओनोव्ह आणि त्यांचे सहकारी पावेल बेल्यायेव्ह यांना कडाक्याच्या थंडीत दोन रात्री तेथे काढाव्या लागल्या. हेलिकॉप्टरांना ते दिसले, पण झाडीमुळे उतरता येईना. त्या अरण्यात लांडगे आणि अस्वले होती आणि अंतराळवीरांपाशी होते ते केवळ पिस्तूल. या अनुभवानंतर अंतराळवीरांसाठी वेगळे शस्त्र असावे, असा आग्रह लिओनोव्ह यांनी धरला.

त्यातूनच पुढे ‘टीपी-८२’ हे तीन नळ्यांचे विलक्षण पिस्तूल जन्माला आले. वरच्या दोन नळ्यांतून छर्ऱ्यांची काडतुसे आणि इशाऱ्याचे दारूबाण उडवता येत, तर खालच्या नळीतून रायफलीची गोळी सुटे. मात्र त्याचे खरे वैशिष्ट्य मागे होते. खांद्याला टेकवण्यासाठी जोडायचा त्याचा दस्ता सुटा काढला, की म्यानातून कोयता बाहेर येई. लाकूड तोडणे, निवारा उभारणे, बर्फ खणणे ही कामे या दस्त्याने करायची. १९८६ पासून सुमारे वीस वर्षे सोयूझ यानातील जीवरक्षक संचात हे शस्त्र राहिले.

जागेचा हिशेब

रायफलीचा दस्ता हा मुळात नेम धरण्यासाठी खांद्याला टेकवायचा भाग. तो भरीव असण्याची फारशी गरज नसते आणि वजन कमी ठेवायचे तर तो पोकळ असलेलाच बरा. ही रिकामी जागा वापरण्याची पद्धत जुनी आहे. ब्रिटिश अमदानीपासून भारतीय पोलिसांच्या खांद्यावर राहिलेली आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अपुरी ठरलेली .३०३ रायफल याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्या लाकडी दस्त्याच्या मागच्या टोकाला पितळी झाकण असते. ते उघडले की आत तेलाची छोटी बाटली आणि नळी साफ करण्याची दोरी ठेवण्याची जागा दिसते. सैनिक बाकी काहीही हरवील, पण बंदूक हरवणार नाही. म्हणून बंदुकीची निगा राखण्याचे सामान बंदुकीतच ठेवावे, असा तो साधा हिशेब होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलाने हाच हिशेब पुढे नेला. ध्रुवप्रदेशावरून आणि महासागरांवरून उडणारी विमाने कोसळली, तर वैमानिकाला शोधायला दिवसच नव्हे, आठवडेही लागू शकत. तोवर त्याने शिकार करून पोट भरावे, यासाठी घडीची ‘एम-६’ रायफल तयार झाली. एक नळी .२२ हॉर्नेट गोळीची, दुसरी .४१० छर्ऱ्याची. जाड हातमोजे घातलेल्या माणसालाही दाबता यावा, म्हणून नेहमीच्या घोड्याऐवजी लांब पट्टी बसवलेली. तिच्या दस्त्यात नऊ गोळ्या आणि चार छर्ऱ्याची काडतुसे राहत.

यूजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीसाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आखलेली ‘एआर-७’ याही पुढे गेली. तिची नळी, यंत्रभाग आणि गोळ्यांची पेटी असे सगळेच सुटे करून दस्त्यात भरता येई. सव्वा किलोहूनही कमी वजनाचे हे गाठोडे पाण्यावर तरंगत असे. १९६३ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या चित्रपटात जेम्स बाँडच्या पेटीतून निघालेली रायफल ती हीच. लष्करापेक्षा नागरी बाजारातच तिला अधिक मागणी आली. दस्त्यातील उरलेल्या जागेत आपत्कालीन सामान बसवण्याची अमेरिकी शिकाऱ्यांची आणि भटक्यांची हौस अशाच रायफलींभोवती वाढली. आता तर बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या दस्त्यांना आतून खण आणि झाकणे दिलेलीच असतात.

काय मावते, काय मावत नाही

अशा खणात ठेवले जाते ते सामान साधारण ठरलेले आहे. पाणी न लागणाऱ्या काड्या किंवा ठिणगी पाडणारी धातूची कांडी, व्हॅसलीन लावलेला कापूस, गळ आणि दोर, फासाची तार, पाणी शुद्ध करणाऱ्या गोळ्या, बटणाएवढे होकायंत्र, शिट्टी, सूर्यप्रकाश परावर्तित करून इशारा देणारा आरसा, सुई-दोरा आणि धारदार पाते. जॉन वाइजमन या ब्रिटिश कमांडो प्रशिक्षकाने १९८६ मधील आपल्या पुस्तकात तंबाखूच्या डबीत मावेल असा जो संच लोकप्रिय केला, त्याचाच हा चुलतभाऊ.

परंतु या यादीकडे बारकाईने पाहिले, तर तिच्यातील उणीवही लक्षात येते. जीवरक्षणाच्या शिकवणीत तीनचा एक ठोकताळा सांगितला जातो. हवेशिवाय माणूस तीन मिनिटे, प्रतिकूल हवामानात निवाऱ्याशिवाय तीन तास, पाण्याशिवाय तीन दिवस आणि अन्नाशिवाय तीन आठवडे तग धरतो. हा काटेकोर नियम नसला तरी प्राधान्यक्रम त्यातून स्पष्ट होतो. पहिला शत्रू भूक नव्हे, तर थंडी. आणि दस्त्यात जी वस्तू मावत नाही ती नेमकी हीच : उबदार कपडा, ताडपत्री, पाण्याचे भांडे. अन्न मिळवण्याची साधने मात्र त्यात भरपूर असतात, कारण गळ आणि तार यांना जागा लागत नाही. म्हणजे संच गरजेनुसार नव्हे, तर पोकळीच्या आकारानुसार भरला जातो. हा धोका ओळखूनच हवाई दले वैमानिकाचे सामान विभागून ठेवतात. अत्यावश्यक वस्तू अंगावरच्या जाकिटात, उरलेल्या आसनाखालच्या पेटीत. एक हरवले तरी दुसरे हाती राहावे, हा त्यामागील विचार आहे.

शिकारीकडून लपण्याकडे

दरम्यान, बंदुकीचा उद्देशच बदलला आहे. २ जून १९९५ रोजी बोस्नियावर अमेरिकी वैमानिक स्कॉट ओ’ग्रेडी यांचे एफ-१६ विमान पाडले गेले. सहा दिवस ते शत्रूच्या प्रदेशात लपून राहिले. पाने आणि मुंग्या खाल्ल्या, पावसाचे पाणी प्याले. अखेर त्यांच्या रेडिओच्या संदेशावरून ८ जून रोजी मरीन तुकडीने त्यांना उचलले. अशा प्रसंगी शिकारीसाठी झाडलेली एक गोळीही जिवावर बेतली असती. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकव्याप्त काश्मीरमध्ये उतरले, तेव्हा त्यांनी पिस्तुलातून हवेत गोळ्या झाडल्याचे प्रत्यक्षदर्शींनी पाकिस्तानी माध्यमांना सांगितले. जमावापुढे त्याचा उपयोग काही क्षणांपुरताच होता.

अमेरिकी हवाई दलाने अलीकडच्या काळात आसनाखालच्या पेटीसाठी बनवलेले ‘जीएयू-५ए’ हे शस्त्र या बदलाची साक्ष देते. दोन भागांत सुटणारी आणि मिनिटभराच्या आत जोडता येणारी ही छोटी रायफल चार पेट्या गोळ्यांसह मिळते. ससा मारण्यासाठी ती बनलेली नाही. सुटका करणारे हेलिकॉप्टर येईपर्यंत पाठलाग करणाऱ्यांना रोखणे हे तिचे काम. सुटकेची यंत्रणा काही तासांत पोहोचेल, हे त्यात गृहीत आहे.

हे गृहीतक उपग्रहांमुळे शक्य झाले. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या ऐन भरात एकत्र येऊन उभारलेल्या कॉस्पास-सारसॅट यंत्रणेने १९८२ मध्ये पहिली सुटका घडवली. ४०६ मेगाहर्ट्झवर हाक देणारा संकटदर्शक संच आज जगात कोठूनही मदत मागू शकतो. भारतही या यंत्रणेत सहभागी असून तिचे भारतीय नियंत्रण केंद्र बंगळुरूत ‘इस्रो’कडे आहे. मुठीएवढे हे उपकरण दस्त्यातल्या साऱ्या गळांपेक्षा अधिक जीव वाचवते, याबद्दल जाणकारांत फारसे दुमत नाही. अर्थात त्याची बॅटरी संपेपर्यंतच. त्यानंतर पुन्हा आरसा, शिट्टी आणि शेकोटी यांचाच आधार असतो.

रिकाम्या दस्त्याची किंमत

दस्त्यातील पोकळीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, याचे सर्वांत कटू उदाहरण मात्र जीवरक्षक संचाचे नसून साध्या सफाईच्या सामानाचे आहे. व्हिएतनाममध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी सैनिकांना ‘एम-१६’ ही नवी रायफल देण्यात आली. तिला सफाईची फारशी गरज नाही, असा समज पसरला होता. सफाईचे संच पुरेसे पाठवले गेले नाहीत आणि सुरुवातीच्या दस्त्यात ते ठेवण्यास खणही नव्हता. त्यातच गोळीतील दारू बदलली गेली आणि दमट हवेत टिकण्यासाठी आवश्यक असलेला क्रोमचा मुलामा नळीच्या गोळी बसणाऱ्या भागाला दिलेला नव्हता. ऐन चकमकीत रायफली अडकू लागल्या आणि अडकलेल्या रायफलीशेजारी सैनिकांचे मृतदेह सापडू लागले. १९६७ मध्ये रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय उपसमितीने लष्करी व्यवस्थापनावर कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर क्रोमचा मुलामा आला, सफाईचे संच आले, विल आइसनर या चित्रकाराकडून निगेची सचित्र पुस्तिका काढून घेण्यात आली आणि पुढे दस्त्यालाही झाकणाचा खण मिळाला.

या प्रकरणाचा बोध दुहेरी आहे. सैनिकाला जे लागते ते त्याच्या हाताशी हवे, हा एक भाग. पण ते हाताशी आहे की नाही, चालू स्थितीत आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी सैनिकाची एकट्याची नसते, हा दुसरा. दस्त्यात बंद केलेली वस्तू डोळ्यांआड होते आणि डोळ्यांआड झालेल्या वस्तूची मुदत कोणी पाहत नाही. काड्या दमट होतात, पाण्याच्या गोळ्या निकामी होतात, रबरी सील सुकते. ‘टीपी-८२’च्या निवृत्तीचे कारणही याच जातीचे होते. तिच्या खास काडतुसांची मुदत संपली आणि ती पुन्हा बनवण्याऐवजी साधे पिस्तूल पुरेसे मानले गेले.

भारतात सामान्य नागरिकाला या चर्चेचा थेट उपयोग नाही. शस्त्र बाळगण्यास १९५९ च्या कायद्यानुसार परवाना लागतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीची दारे बंद केली. अलास्कासारख्या प्रदेशात लहान विमानांनी जीवरक्षक सामान बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. एके काळी त्या यादीत बंदूकही होती. आता ती सक्तीची नाही. आग पेटवण्याचे साधन आणि इशाऱ्याची साधने मात्र कायम आहेत. जेथे ही कल्पना रुजली तेथेही बंदुकीपेक्षा तिच्या आतले सामान महत्त्वाचे ठरले, हे यावरून दिसते.

भारतीय यानातून अंतराळात जाणाऱ्या पहिल्या तुकडीबाबत हाच मुद्दा उपस्थित होतो. यान अपेक्षेप्रमाणे समुद्रात उतरले आणि नौदलाची जहाजे वेळेत पोहोचली, तर जीवरक्षक संचाचे झाकण उघडण्याची वेळच येणार नाही. न आली तर उत्तमच. पण त्या संचात काय आहे, त्याची तपासणी कोण करतो आणि शेवटची तपासणी कधी झाली, याची नोंद उड्डाणापूर्वी कोणाच्या तरी सहीने झालेली असली पाहिजे. पर्मच्या अरण्यातील दोन रात्रींनी आणि व्हिएतनाममधील अडकलेल्या रायफलींनी एवढे तरी निश्चित शिकवले आहे.